पानाची रंध्रं मिटतात, तरी डाळिंबावर तेल्या का येतो?

सांगोला तालुक्यातल्या एका बागायतदाराने विचारलंय: तीन एकर भगवा वाणाचं डाळिंब आहे, मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलं येणारा बहार) धरलाय. जिवाणू पानावर आला की पानाची रंध्रं आपोआप मिटतात, असं एका चर्चासत्रात ऐकलं. मग दर पावसाळ्यात तेल्या, म्हणजे तेलकट डाग पाडणारा जिवाणूचा रोग, येतोच कसा? आणि दुकानदार म्हणतो, रंध्रं बंद ठेवणारं औषध घ्या, जिवाणूला आत जायला वाटच राहणार नाही. ते मारू का?

आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही ऐकलं ते खरं आहे. औषध मात्र मारू नका. आता कारणं सांगतो, कारण ती कळली की बागेत काय करायचं हेही त्यातूनच कळतं.

रंध्रं मिटतात की नाही, हा खरा प्रश्न नाही. किती वेळ मिटलेली राहतात, कोणत्या हवेत राहतात आणि तेवढ्या वेळात पानाच्या बाहेर काय घडतं, हा खरा प्रश्न आहे. रंध्र मिटलं म्हणून जिवाणू मरत नाही, तो फक्त बाहेर अडकतो. त्या वेळात त्याला ऊन, कोरडी हवा किंवा फवारलेल्या ताम्रयुक्त औषधाचा थर भेटला तर झाड जिंकलं. ओलावा आणि वारा भेटला तर झाडाने मिळवलेला वेळ फुकट गेला. मी बागायतदारांना सगळा सल्ला या एका हिशोबावर देतो.

रंध्र म्हणजे पानाच्या त्वचेतली बारीक फट. कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते ती इथूनच. फटीच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्यांच्यात पोटॅशियम आणि त्यामागून पाणी शिरलं की त्या फुगून बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधली फट उघडते. पोटॅशियम आणि त्याच्यासोबतचे क्षार बाहेर गेले की पाणीही जातं, पेशी सैल पडतात, फट मिटते. उघडी फट काही मायक्रॉन रुंद असते आणि तेल्याचा जिवाणू, म्हणजे झँथोमोनास, जाडीला साधारण अर्धा मायक्रॉन. उघड्या रंध्रातून असे अनेक जिवाणू एकाच वेळी आत जाऊ शकतात. काही बुरशा पानाची त्वचा भेदून आत घुसतात, तसं जिवाणूला जमत नाही. त्याला तयार वाट लागते, रंध्राची नाहीतर जखमेची.

स्वतः पाहायचं असेल तर डाळिंबाच्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावा, पूर्ण वाळू द्या, चिकटपट्टीने अलगद उचला आणि गावातल्या शाळा-कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. रंध्रांचे ठसे स्पष्ट दिसतात. वरच्या बाजूचा ठसा घेऊन तुलना करा. डाळिंबात आणि लिंबूवर्गात रंध्रं मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला असतात. फवारा कुठे पोचायला हवा, हे यावरून कळतं.

मिटण्याचा पुरावा २००६ साली मिळाला. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत माएली मेलोट्टो आणि सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर प्रयोग केले. पानावर स्यूडोमोनास सिरिंगी जातीचे जिवाणू सोडले तेव्हा तास-दोन तासांत बहुतेक रंध्रं मिटली. माणसाला अतिसार देणाऱ्या ई. कोलायपुढेही मिटली, आणि ती मिटलेलीच राहिली. वनस्पतीचा रोगकारक नसलेला जिवाणूही झाडाला ओळखू येतो, हे यातून कळलं. ओळख पटते ती जिवाणूच्या अंगावरच्या खुणांवरून. त्याला पोहायला शेपटी असते. त्या शेपटीच्या प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा एक ठरावीक तुकडा झाडाच्या पेशीवरचं एफएलएस-२ नावाचं ओळख पटवणारं प्रथिन पकडतं. मग रक्षक पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो, अ‍ॅब्सिसिक आम्ल आणि सॅलिसिलिक आम्ल या झाडाच्या संप्रेरकांच्या यंत्रणा कामाला लागतात आणि क्षार बाहेर टाकले जातात. दुष्काळात पाणी वाचवायला झाड रंध्र मिटतं, तेव्हाही यातली बरीचशी यंत्रणा वापरली जाते.

दाराशी अडवणूक किती महत्त्वाची आहे, ते २००४ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. एफएलएस-२ नसलेल्या रोपांवर जिवाणू फवारला तर रोग जास्त झाला. तोच जिवाणू सुईविना सिरिंजने थेट पानाच्या आत दाबून भरला तर नेहमीच्या रोपांत आणि या रोपांत फरक दिसला नाही. म्हणजे या ओळखीचा मोठा उपयोग पानाच्या पृष्ठभागावर होतो. एकदा जिवाणू आत गेला की लढाई वेगळीच असते.

मग तेल्या का येतो? पहिलं कारण म्हणजे जिवाणूंनी यावर उपाय शोधलेत. स्यूडोमोनास सिरिंगीची टोमॅटोवर रोग आणणारी जात कोरोनाटिन नावाचं विष सोडते. हे विष झाडाच्याच जॅस्मोनेट संप्रेरकाची नक्कल आहे. सुमारे तीन तासांत मिटलेली रंध्रं ते पुन्हा उघडायला लावतं, रात्रीच्या अंधारातसुद्धा. झँथोमोनास हे विष वापरत नाही, पण त्याच्याकडे दुसरी साधनं आहेत. कोबीवर काळी कूज आणणाऱ्या झँथोमोनासवर अर्जेंटिनातल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली काम प्रसिद्ध केलं. जिवाणूंची संख्या वाढली की ते एकमेकांना रासायनिक इशारा देतात आणि त्या इशाऱ्यावर तयार होणारा पदार्थ रंध्र मिटू देत नाही. काही झँथोमोनास जातींची शेपटी मुळातच इतकी बदललेली असते की झाडाला ती नीट ओळखता येत नाही.

इथे परिस्थितीचा भाग येतो, तो मोकळेपणाने सांगायला हवा. वरचं बरंचसं काम अरॅबिडॉप्सिसवरचं, प्रयोगशाळेतल्या नियंत्रित हवेतलं आहे. डाळिंब हे बहुवर्षीय, काटेरी झुडूप आहे आणि सांगोल्याची हवा प्रयोगशाळेसारखी नाही. म्हणून मी जवळचं उदाहरण म्हणून लिंबूवर्ग घेतो. तिथला कँकर, ज्याला आपण खैऱ्या म्हणतो, तो झँथोमोनास सिट्रीमुळे होतो आणि तेल्याचा जिवाणू त्याचा जवळचा नातेवाईक आहे. कागदी लिंबाला खैऱ्या भरपूर होतो आणि संत्र्याला त्या मानाने कमी, हे आपल्याकडच्या बागायतदाराला माहीत आहे. यामागचं एक कारण मॅकलिन नावाच्या शास्त्रज्ञाने १९२१ मध्येच मांडलं होतं. रोगाला सहज बळी पडणाऱ्या ग्रेपफ्रूटच्या रंध्राचं तोंड रुंद असतं. टिकाव धरणाऱ्या एका मँडरिनच्या, म्हणजे संत्र्याच्या गटातल्या झाडाच्या, रंध्रावर मात्र त्वचेची कड पुढे आलेली असते, त्यामुळे तोंड अरुंद होतं आणि पाणी आत शिरत नाही. जवळपास शंभर वर्षांनी दुसरा पैलू दिसला. खैऱ्याच्या जिवाणूच्या शेपटीचा तोच तुकडा दिला तर टिकाऊ कुमक्वाट (लिंबूवर्गातलंच एक छोटं फळ) आणि मँडरिन जोरदार प्रतिसाद देतात, ग्रेपफ्रूट फारच कमी. म्हणजे दाराची ठेवण आणि पाहुणा ओळखण्याची क्षमता, दोन्ही वाणागणिक बदलतं. भगवा तेल्याला लवकर बळी पडतो. त्यामुळे तुमच्या बागेत झाडाच्या स्वतःच्या बचावावर थोडंच सोडता येईल आणि तुम्हाला जास्त करावं लागेल.

दुसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: पाणी. हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर गेली की जिवाणू ओळखूनही रंध्र मिटण्याचा प्रतिसाद ढिला पडतो, असं २०१६ मध्ये दाखवण्यात आलं. मृगातली झड, दाट बाग, वारा पडलेला, पानं सकाळी दहापर्यंत ओली; हे अगदी त्याच हवेचं वर्णन आहे.

पण ओलावा आणि पाणी आत ढकललं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाचा थेंब पानावर नुसता बसला असेल तर तो सहसा रंध्रात उतरत नाही. पाण्याचा पृष्ठताण आणि रंध्राच्या तोंडाची कड त्याला बाहेरच धरून ठेवतात. हा झाडाचा बिनखर्चाचा बचाव आहे आणि तो दोन प्रकारे मोडतो. एक वाऱ्याने. लिंबूवर्गावरच्या अभ्यासात वाऱ्याचा वेग सेकंदाला ८ मीटरच्या, म्हणजे ताशी साधारण २९ किलोमीटरच्या वर गेला की पावसाचं पाणी जिवाणूंसह रंध्रांत घुसतं, असं आढळलं. रंध्राने मिटायचं ठरवण्याआधीच जिवाणू आत पोचलेला असतो. फ्लोरिडात २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी कँकर इतका पसरवला की जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेने तिथली निर्मूलनाची मोहीमच थांबवली.

दुसरा प्रकार आपण स्वतः करतो. सिलिकॉनयुक्त स्प्रेडर, म्हणजे द्रावण पानावर पसरवायला टँकमध्ये मिसळायची रसायनं, पृष्ठताण इतका उतरवतात की द्रावण सरळ रंध्रात उतरतं. प्रयोगशाळेत रोपाच्या आत जिवाणू पोचवायचे असतील तेव्हा आम्ही हेच रसायन मुद्दाम वापरतो. आता विचार करा: पानावर दव आहे, त्यात शेजारच्या फांदीवरून आलेले जिवाणू आहेत आणि त्यावर तुम्ही दुप्पट मात्रेत स्प्रेडर टाकलेला टँक मारला. औषध आत गेलं तसे जिवाणूही गेले. कोवळ्या फुटीवर गन जवळ धरून मोठ्या दाबाने मारलं तरी तेच होतं. पावसाळ्यात तेल्या असलेल्या बागेत मी सिलिकॉन स्प्रेडर टाळायला सांगतो. औषध पानाला चिकटवणारा साधा स्टिकर, लेबलवरच्या मात्रेत, पान कोरडं असताना आणि फवाऱ्याची नळी (लान्स) वळवून पानाच्या खालच्या बाजूला बारीक थेंब बसतील असा फवारा, एवढं पुरतं. सहा-सात फवारण्या करूनही तेल्या वाढतोय, अशी तक्रार आली की मी औषधाचं नाव नंतर विचारतो. पान कोरडं होतं का, स्प्रेडर कोणता होता आणि गन किती जवळून चालवली, हे आधी विचारतो.

जिवाणू आत गेल्यावर काय होतं, तेही पाहू, कारण दुकानदाराच्या औषधाचं उत्तर त्यात आहे. पानाच्या आत पेशींमधल्या पोकळ्या हवेने भरलेल्या असतात. जिवाणू त्यात पाणी भरून घेतो. तेल्याचा ताजा डाग उजेडाकडे धरल्यावर अर्धपारदर्शक, तेलकट दिसतो तो यामुळेच. स्यूडोमोनासमध्ये हे काम मुख्यतः दोन प्रथिनं करतात, हॉपएम-१ आणि एव्हीआर-ई. २०२२ मध्ये कळलं की ही प्रथिनं झाडाच्या अ‍ॅब्सिसिक आम्लाची यंत्रणा चालू करून रंध्रं मिटायला लावतात, म्हणजे पानातलं पाणी बाष्प होऊन बाहेर जाणारच नाही. आत येताना जिवाणूला उघडं रंध्र हवं असतं आणि आत स्थिरावल्यावर बंद हवं असतं. त्याच वर्षी आणखी एक शोध लागला: झाड स्वतः काही छोटी पेप्टाइडं सोडून रंध्रं पुन्हा उघडतं, पान आतून कोरडं करतं आणि जिवाणूची वाढ रोखतं.

म्हणजे झाडाला रंध्र कधी मिटायचं आणि कधी उघडायचं, दोन्ही लागतं. आपण वरून रसायन मारून ते सरसकट बंद ठेवलं तर आत आधीच शिरलेल्या जिवाणूची सोय होते. पावसाळ्यात तुमच्या बागेत काही जिवाणू आधीच आत असणार, हे धरून चाला. शिवाय रंध्रं मिटली की पानाचं अन्न बनवणं मंदावतं, फळ फुगायला लागणारा माल कमी पडतो आणि बाष्पोत्सर्जन थांबल्याने पान तापतं. सोलापूरच्या उन्हात हे झाडाला परवडणारं नाही. अ‍ॅब्सिसिक आम्लासारखी रसायनं पानाच्या आतला सॅलिसिलिक आम्लावर चालणारा बचावही दाबतात. केओलिन या पांढऱ्या मातीचा लेप ही वेगळी गोष्ट आहे. तो ऊन परावर्तित करतो, रंध्र बंद करत नाही, आणि सनबर्नसाठी वापरायला माझी हरकत नाही. फक्त तेल्यावरचा उपाय म्हणून तो विकत घेऊ नका.

तिसरं कारण जखम. दाराला कडी घातली आणि भिंतीला भगदाड असलं तर कडीचा काय उपयोग? डाळिंबाचे काटे वाऱ्यात शेजारच्या पानांना आणि फळांना ओरखडे काढतात. गारपीट, छाटणीचे काप, पानं आणि फळं कुरतडणाऱ्या किडी, हे सगळे जिवाणूला रंध्राशिवायच्या वाटा देतात. लिंबाच्या बागेत पानं पोखरणारी अळी आली की तिच्या नागमोडी बोगद्यांच्या कडेने खैऱ्या कसा वाढतो, हे पाहिलं असेल तर हा मुद्दा वेगळा पटवायला नको.

आता तुमच्या बागेबद्दल. सर्वांत मोठा फरक बहाराच्या निवडीने पडतो. मृग बहारात कोवळी पालवी, फुलं आणि लहान फळं नेमकी पावसात सापडतात. ज्या बागेत तेल्या दरवर्षी येतो तिथे मी हस्त बहाराकडे (पावसाळ्याच्या शेवटी फुलं येणारा बहार) वळायला सांगतो, कारण मग फळवाढीचा मोठा काळ कोरड्या हवेत जातो. हे प्रत्येकाला जमतंच असं नाही. तुमच्याकडे हिवाळ्यानंतर पाणी किती उरतं, बाजार कोणता धरलाय, कर्जाचा हप्ता कधी आहे, यावर ते ठरतं. पाणी डिसेंबरात संपत असेल तर मृगाशिवाय पर्याय नाही, हे मला मान्य आहे. अशा वेळी बाकीच्या गोष्टी काटेकोर कराव्या लागतील.

त्यात पहिली, पान लवकर वाळलं पाहिजे. झाडाच्या मध्यभागातल्या दाट फांद्या विरळ करा, जमिनीलगतची फूट काढा, नत्राचा मारा आवरा. जास्त नत्राने लुसलुशीत फूट येत राहते आणि कोवळं पान जिवाणूला सगळ्यांत सोपं. दुसरी, वारा अडवा. पावसाळी वारा तुमच्याकडे बहुतेक पश्चिम-नैऋत्येकडून येतो, त्या बांधावर शेवरी किंवा सुरूची रांग असावी. ती इतकी दाट नको की बागेत हवाच खेळणार नाही. तिसरी, छाटणी कोरड्या दिवसात करा, कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा आणि मोठ्या कापांवर १० टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. रोगट फांद्या, गळलेली पानं, तडकलेली फळं बागेबाहेर नेऊन जाळा. बांधावर टाकलेला ढीग पुढच्या पावसात पुन्हा बागेत येतो.

तांब्याबद्दल वेगळं सांगतो. बोर्डो मिश्रण किंवा इतर ताम्रयुक्त औषधं पानाच्या बाहेरच काम करतात, आत शिरलेल्या जिवाणूपर्यंत पोचत नाहीत. म्हणून त्यांची वेळ पावसाच्या आधीची. रंध्र मिटल्यामुळे जिवाणू बाहेर अडकतो, तेव्हा तिथे तांब्याचा थर तयार असला पाहिजे. डाग दिसल्यावर मारलेलं तांबं त्या डागाला बरं करत नाही, फक्त शेजारची निरोगी पानं वाचवतं. बोर्डो घरी बनवत असाल तर लोखंडी विळ्याचं पातं मिश्रणात काही वेळ बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, चुन्याची निवळी आणखी लागेल. नाहीतर कोवळी पालवी भाजते आणि भाजलेली जागा म्हणजे पुन्हा जखम. बहार धरल्यानंतर कोणतं औषध कधी आणि किती, यासाठी सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं वेळापत्रक वापरा. दुकानातल्या चिठ्ठीवर जाऊ नका.

आणि एक तपासणी आधी करून घ्या. डाळिंबावर बुरशीचे ठिपकेही येतात आणि लांबून ते तेल्यासारखे वाटतात. ताज्या डागाची कड ब्लेडने कापून काचपट्टीवर स्वच्छ पाण्याच्या थेंबात ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कापलेल्या कडेतून दुधाळ प्रवाह बाहेर पडताना दिसला तर तो जिवाणू आहे. दिसला नाही तर नमुना केगावला पाठवून खात्री करा, कारण बुरशी असेल तर वरची बरीच मांडणी बदलेल.

हे झालं की मला इतकं कळवा: झाडांमधलं अंतर किती आहे, पहिले डाग बागेच्या कोणत्या बाजूला दिसतात, शेजारी कुणाची डाळिंबाची बाग आहे का आणि मागच्या पावसाळ्यात कोणता स्प्रेडर किती वापरला. त्यावरून तुमच्या बागेत जिवाणू रंध्रातून जास्त शिरतोय की जखमेतून, याचा अंदाज बांधता येईल आणि आधी खर्च कशावर करायचा ते ठरवू.